वॉरंटी शिल्लक आहे

वीस-बावीस वर्षांपूर्वीचा मदरबोर्ड घरीच दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचा नागरी सत्कार व्हायला हवा. त्या काळी सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे जगभर कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगले. त्यातले पाच आमच्या माळ्यावर निघाले. लॅमिंग्टन रोडला तीन फेऱ्या, नवं सोल्डरिंग आयर्न, रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासायला चिरंजीवांचा खोडरबर (न विचारता), ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल. चार रविवार सत्कारणी लागले. एवढ्या पैशांत नवा बोर्ड आला असता, ही सौभाग्यवतींची टिप्पणी तांत्रिक अज्ञानातून आली होती. पाचव्या रविवारी बीप वाजली. पडद्यावर तारीख उमटली : १ जानेवारी २००२.

म्हणजे वॉरंटी अजून शिल्लक आहे. पावती शोधतो आहे.