ॲडमिशन आजोबा

गोंदियाला लागून कुडवा आहे की कुडव्याला लागून गोंदिया, हे आता कुडवा नाक्यावर उभं राहून सांगता येत नाही. जिथं धानाच्या बांध्या होत्या तिथं लेआऊट पडले, प्लॉट विकले गेले, घरं उठली आणि घरांसोबत रिटायर माणसंही आली. प्रत्येक लेआऊटमध्ये ती ठरलेली असतात. रेल्वेतून रिटायर झालेले कोणती गाडी किती लेट आहे ते न विचारता सांगतात. राईस मिलमधले दुसऱ्याच्या ताटातला भात बोटाने चेपून तो कोणत्या जातीचा ते सांगतात. आणि एक असतात ॲडमिशन आजोबा. कोणाच्याही घरी पाळणा हलला की तीन महिन्यांच्या आत ते विचारतात, "मंग? शाळेचं का ठरवलं?"

ॲडमिशन आजोबा बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी असतात. खिशाला दोन पेन, एक निळा, एक लाल. हातात दोनशे पानी रजिस्टर. रजिस्टरात उभे रकाने आखलेले: शाळेचं नाव, बोर्ड, फी, बस, गेटवर गार्ड आहे किंवा नाही, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. आयुष्यभर पोरांना शेरे दिले, आता शाळांना देतात. एका शाळेपुढे लाल शाईत 'प्रिन्सिपॉल बाईंचे इंग्रजी उत्तम, हिशेब त्याहून उत्तम' असं लिहिलेलं आहे. दुसरीपुढे नुसतंच 'टाय ढिले'.

नोकरीत असताना त्यांचा मे महिना उन्हात जायचा. पट टिकवायचा म्हणून घरोघरी फिरून पोरं गोळा करायची. विसाच्या आत पट आला की शाळेवर गंडांतर, म्हणून ओट्यावर बसून, पाणी पिऊन, मायबापाला पटवायचं. "आपल्या शाळेत पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, आन् मास्तर म्हंजे मीच." दुसऱ्यांची पोरं मराठी शाळेत आणून बसवली आणि स्वतःचं पोरगं रोज सकाळी स्कूटरवर बसवून कॉन्व्हेंटला सोडलं. आमच्याकडे इंग्रजी शिकवणाऱ्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग आत नन असो वा नसो. यात काही विसंगती आहे असं गुरुजींना कधी वाटलं नाही. "ते नोकरी होती, हे घर आहे," एवढं म्हणून ते विषय संपवत. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा तालुक्यात सगळ्यात मोठ्या आवाजात 'ए फॉर ॲपल' त्यांच्याच वर्गातून ऐकू यायचं. गोंदियाच्या उन्हाळ्यात तिथल्या निम्म्या पोरांनी सफरचंद पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

रिटायर झाल्यावर या विद्येला बहर आला. जानेवारी लागला की पानठेल्यावर त्यांचं ऑफिस भरतं. त्यांच्या मते शाळांची एक उतरंड आहे. खाली कॉन्व्हेंट, त्यावर पब्लिक स्कूल, त्यावर वर्ल्ड, त्यावर ग्लोबल आणि सगळ्यात वर इंटरनॅशनल. "इंटरनॅशनलमंदी का शिकवतेत गुरुजी?" असं कोणी विचारलं तर ते म्हणतात, "शिकवतेत तेच. पन एसीत शिकवतेत." राज्य सरकारने २०१८ मध्ये स्वतःचं आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं आणि पहिल्या झपाट्यात जिल्हा परिषदेच्या तेरा मराठी शाळा त्याला जोडल्या, तेव्हा गुरुजींची जी पंचाईत झाली ती पाहण्यासारखी होती. मराठी, झेडपी आणि इंटरनॅशनल, तिन्ही एकाच शाळेला! कोणत्या रकान्यात लिहावं? पुढे सरकारनेच ते मंडळ गुंडाळलं आणि रजिस्टर वाचलं.

पण खरी परीक्षा पुढे होती. कॉन्व्हेंटमध्ये सोडलेलं ते पोरगं इंजिनियर होऊन पुण्याला गेलं, पुण्याहून स्टॉकहोमला गेलं, तिथं नातू झाला आणि बघता बघता पाच वर्षांचा झाला. गुरुजींनी नवं रजिस्टर आणलं.

तिथं हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात आणि डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे आपल्या रात्री आठ वाजता लेक फोनवर दिसतो तो ऑफिसातच, आणि त्याच्या मागच्या खिडकीत अंधार पडत आलेला. गुरुजी रजिस्टर उघडून बसतात.

"शाळा पाह्यली का?"

"पाहिली बाबूजी. इंग्लिश शाळा आहे एक. मोठी आहे, देशभर चाळीसच्या वर शाखा आहेत."

"फी?"

"फी नाहीये."

"डोनेशन सांग."

"डोनेशन पण नाही. तिथल्या कायद्यानं शाळेला फी घेताच येत नाही."

गुरुजींनी चष्मा काढला. "बेटा, ज्या शाळेत फी नाई, ते शाळा मी चालवली हाय. मले नको सांगू."

लेकाने समजावलं. स्वीडनने १९९२ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून सरकार पोरामागे पैसे देतं आणि पोरगं ज्या शाळेत जाईल तिथं ते पैसे जातात, शाळा पालिकेची असो की खासगी. पुढच्याच वर्षी बार्बरा बर्गस्ट्रॉम नावाच्या बाईंनी ही इंग्लिश शाळा काढली. निम्म्यापर्यंत शिकवणं इंग्रजीतून, बाकीचं स्वीडिशमधून, आणि शिस्त कडक. शाळा चालवणारी कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारातही आली होती.

शेअर बाजाराचं नाव निघताच गुरुजी सावरले. "असं सांग ना मंग! म्हंजे चांगली असन." फीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'नाही. परंतु शेअर होता.'

"रँक कितवीपासून देतेत?"

"रँक नाही देत. मार्क पण सहावीपासून. त्याच्या आधी नुसतं बसून बोलतात, मुलगा, आईबाप आणि टीचर."

"सहावीलोक मार्क नाई? मंग पोरगा हुशार हाय का ढ, हे बापाले कोन सांगन?"

"कोणी नाही सांगत, बाबूजी."

एवढा वेळ मागे तांदूळ निवडत बसलेल्या आजी म्हणाल्या, "बरं हाय की. तुमाले बी कोनी सांगतलं नसतं तं सुखी रायले असते."

जेवणाचं ऐकून गुरुजींना तर घाम फुटला. शाळेत सगळ्यांना दुपारचं जेवण फुकट, तेही कायद्यानेच. डॉक्टरचं पोरगं, ड्रायव्हरचं पोरगं, एकाच रांगेत ताट घेऊन उभं. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक ही तिथली जुनी पद्धत. "म्हंजे खिचडी!" गुरुजी ओरडले. आयुष्यभर तांदळाचा हिशेब ठेवून, चव घेतल्याची सही करून जे पोरांना वाढलं, त्यातून सुटावं म्हणून लेकाला शिकवलं, आणि त्या लेकाचं पोरगं सातासमुद्रापार जाऊन पुन्हा पोषण आहाराच्याच रांगेत!

मग त्यांनी स्वतः शोध सुरू केला. नातवाला शोभेल अशी, फी घेणारी शाळा पाहिजे. ती सापडली कोपनहेगनला. समुद्राला लागून इमारत, भिंतींना बारा हजार सोलर प्लेटा, आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम, आणि फीचा आकडा असा की रुपयात मांडताना गुरुजींनी दोनदा शून्यं मोजली. ओस्लोला तशीच एक. दोन्ही १९६३ साली सुरू झालेल्या. परदेशी वकिलातींतली, कंपन्यांतली माणसं दोन-चार वर्षांनी देश बदलतात. त्यांच्या पोरांचा अभ्यास तुटू नये म्हणून असल्या शाळा असतात आणि बऱ्याचदा फी कंपनीच भरते. गुरुजींना एवढं खोलात जायचं नव्हतं. "पाय, ह्या शाळा! लाव नंबर."

"बाबूजी, आम्ही स्टॉकहोमला राहतो. कोपनहेगन दुसऱ्या देशात आहे."

"मंग? आमगाववरून गोंदियाले पोट्टे येत नाईत का रोज लोकलनं?"

इथवर सगळं गुरुजींच्या अनुभवाबाहेरचं होतं. पण एक दिवस लेक म्हणाला की त्या बिनफीच्या इंग्लिश शाळेतही जागा मिळणं कठीण आहे, कारण तिथं रांग असते. ज्याचं नाव आधी नोंदलं त्याला आधी जागा. काही मायबाप पोरगं जन्मल्या आठवड्यातच नाव टाकून मोकळे होतात. आपण टाकलं ते गेल्या वर्षी.

गुरुजींचा चेहरा उजळला आणि लगेच लाल झाला. रांग! ही भाषा त्यांना येत होती. "पोरगं झालं तवा तुमी पेढ्याचे फोटो धाडत बसले! बारशाच्या आंधी नंबर लावाचा असते, एवढं तुले कॉन्व्हेंटनं शिकवलं नाई?" त्याच रात्री त्यांनी स्वीडनमध्ये ओळखीपाळखीच्या कोणाकोणाकडे दिवस गेले आहेत याची चौकशी केली आणि भाचीच्या नणंदेला निरोप दिला की नाव नंतर ठेवा, नंबर आधी लावा.

शेवटी लेकाने एक वेगळीच गोष्ट सांगितली. तिथं दुकानदार, बसड्रायव्हर, म्हाताऱ्या बायासुद्धा फाडफाड इंग्रजी बोलतात. शिकलेले असतात स्वीडिश शाळेत. इंग्रजी एक विषय असतो आणि टीव्हीवरचे इंग्रजी कार्यक्रम डब न करता खाली अक्षरं देऊन दाखवतात. मैदानावर पोरं स्वीडिशच बोलतात. म्हणून आम्ही घराजवळच्या पालिकेच्या शाळेत नाव टाकलं. पायी पाच मिनिटं.

"सगळ्याईले इंग्रजी येते, आन् शाळा आपल्या भाषेत?" गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारून खात्री केली. "हे त्याईले जमलं कसं?" या प्रश्नावर पानठेल्यावर आठवडाभर चर्चा झाली. थंडीमुळे, लोकसंख्या कमी म्हणून, तिकडं राजकारण नाही म्हणून, अशी कारणं निघाली. मास्तरला निवडणुकीची, जनगणनेची कामं नसतील, हे कारण गुरुजींनी स्वतः दिलं आणि ते एकमताने मंजूर झालं. रजिस्टरात शाळेपुढे शेरा पडला: 'पालिका शाळा. पायी. विचार करण्यासारखे.'

प्रकरण इथं मिटायचं. पण एकदा लेक घरून बोलता बोलता म्हणून गेला की त्या शाळेत घरची भाषा शिकायचीही सोय आहे. निदान पाच पोरांनी मागितली आणि शिकवणारा मिळाला, तर पालिका त्या भाषेचा मास्तर देते. पगार पालिकेचा.

गुरुजी खुर्चीत सरळ बसले. "मराठीचाबी?"

"कोणतीही भाषा. पण एक अट आहे. ती भाषा घरात रोज बोलली गेली पाहिजे."

"तुमी बोलता ना?"

फोनवर शांतता. मागून सूनबाईंचा नातवाला उद्देशून आवाज आला, "फिनिश युवर वरण, फास्ट."

"आजोबाशी बोललं तं चालन का?" गुरुजींनी विचारलं. नाही, आई नाहीतर बाप लागतो, असं उत्तर आलं. त्या दिवसापासून स्टॉकहोमच्या त्या घरात मराठी सक्तीची झाली. ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वी त्याच लेकाला 'पाणी' म्हटलं तर दटावून 'वॉटर' म्हणायला लावलं होतं, तो आता रोज रात्री आठ वाजता व्हिडिओ कॉलवर तपासणी घेतो. नातू "आजोबा, मी वरण फिनिश केला" म्हणतो आणि गुरुजी लाल पेनाने अर्धा मार्क देतात. सहावीपर्यंत मार्क नसतात हा नियम कुडव्याला लागू नाही.

आणि सुरू झाली पटनोंदणी. नव्या रजिस्टरात नवं पान, वर ठळक अक्षरांत 'पट : मराठी : स्टॉकहोम'. पहिलं नाव नातवाचं. दुसरं तिरोड्याच्या एका शिक्षकाच्या नातीचं, ते एका फोनवर मिळालं. तिसरं बेळगावकडचं. "ते तं सगळ्याच्या आंधी येतीन, त्याईले मराठी मांगाची सवय हाय," गुरुजी म्हणाले, आणि तसंच झालं. चौथं घर पुण्याचं निघालं. "मराठी म्हंजे आमचीच, असं म्हनतीन. पन पटासाठी घ्या लागन." अडलं पाचव्यावर. बाप अकोल्याचा, आई स्वीडिश, पोरगी सात वर्षांची. बाप म्हणतो, पोरीला तीन भाषा आधीच आहेत, चौथी कशाला? गुरुजींनी ओट्यावर बसून पटवायची जुनी कला फोनवर पणाला लावली. पुस्तकं मी धाडतो म्हणाले, पाटी धाडतो म्हणाले. बाईंना स्वीडिशमध्ये नमस्कार करायचा म्हणून तो शब्द लेकाकडून घोकून घेतला. एकदा बोलण्याच्या भरात "सायकल देऊ" असंही निघून गेलं. आजींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "कुठून? कुडव्यावरून?"

परवा पानठेल्यावर शेजारच्या लेआऊटमधला एक जण पोरगं कडेवर घेऊन आला. "गुरुजी, याले कोन्या शाळेत टाकू? फी भराची तयारी हाय."

"थांब जरा," गुरुजी रजिस्टरातून मान वर न करता म्हणाले, "माझा एक कमी पडून रायला."

"एवढंच ना? मंग टाका की एखादं नाव. तिथं कोन पाहून रायलं?"

गुरुजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की पानठेलेवाल्याचा चुना लावता हात थांबला. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती, कागदावरची पोरं आणि वर्गातली पोरं बोटाला शाई लावून मोजून, तेव्हा हे मुख्याध्यापक होते.

"नाई भाऊ," ते म्हणाले. "एकदा बोटाले शाई लावून मोजलेला मानूस हाओ मी. पाच म्हंजे पाच. तुह्या पोराचं मंग पाहू. आंधी अकोल्याचं पाचवं नाव लागू दे."