बॉटची कागदपत्रं

रोबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोखंडी हात येतात. हिंजवडीतल्या कंपन्या ज्याला ‘बॉट’ म्हणतात त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. तो नुसता प्रोग्राम. ईमेलमधलं बिल उघडायचं, त्यावरचा आकडा उचलायचा आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन टाकायचा, एवढंच त्याचं काम. पूर्वी हे काम बीकॉम झालेली पोरं करत. ती चहाला जात, दिवाळीला बोनस मागत. बॉट मागतो फक्त परवाना. तोही दरवर्षी नव्याने.

या परवान्यांतही वर्णव्यवस्था आहे. ‘अटेंडेड’ बॉट माणसाच्या शेजारी बसून त्याच्या हुकमाने चालतो. ‘अनअटेंडेड’ रात्री सर्व्हरवर एकटा राबतो, त्याचा भाव अर्थातच जास्त. एक परवाना ठरावीक माणसाच्या नावावर, तर दुसरा एका वेळी जितके जण वापरतील तितक्यांपुरता. चाचणीसाठीचा वेगळा, आणि त्यावर खरं काम करून घेतलं तर तो नियमभंग. यूआयपाथ, ऑटोमेशन एनिव्हेअर, ब्लू प्रिझम अशी या बाजारातली बडी घराणी. त्यांचे करार वाचताना आपली लग्नपत्रिका बरी वाटते. तिथे निदान कोण कोणाचा कोण ते कळतं.

आमचा भाचा अशाच एका कंपनीत आहे. परवाने तपासायला लेखापरीक्षक येणार अशी कुणकुण लागली आणि साहेबांना घाम फुटला. किती बॉट, किती परवाने, कोणालाच ठाऊक नाही. मग परवाने मोजणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. घ्यायचं म्हणजे आधी मूल्यमापन, आणि मूल्यमापन म्हणजे समिती. समितीने एक्सेलमध्ये तक्ता केला. डॅशबोर्डच्या रंगांना गुण, पीडीएफ अहवालाला गुण, विक्रेत्याच्या माणसाच्या इंग्रजीला (हे अलिखित) गुण. बॉट मुळात काय काम करतो, हा रकाना तक्त्यात नव्हता.

चाचणीच्या दिवशी यादी पडद्यावर आली. पहिल्याच पानावर एक गृहस्थ निघाले, जे नोकरी सोडून कॅनडाला गेले होते. लॅपटॉप परत केला, निरोपाचा केक कापला, पण त्यांच्या नावावरचा परवाना अजून इथेच नांदत होता. हे शोधलं म्हणून सॉफ्टवेअरची पाठ थोपटायला हवी. ते काम त्याने चोख केलं.

पुढच्या ओळीत बिलांचा बॉट. परवाना वैध, मशीन जोडलेलं, सगळं हिरवंगार. भाचा म्हणाला, “मामा, तो बॉट कितीतरी दिवस बंद आहे!” त्याच्या खात्याचा पासवर्ड नियमाप्रमाणे संपला. नवा घालायचा तर ओटीपी लागतो, तो जातो हिशेब खात्यातल्या बाईंच्या मोबाइलवर, आणि बाई पुतणीच्या लग्नासाठी देवरुखला. तिथे रेंज नाही. तोवर कंत्राटी पोरं रात्री बसून ती बिलं हाताने चढवताहेत. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र सारं काही नियमानुसार. बॉट मेला तरी चालेल, त्याची कागदपत्रं पूर्ण हवीत!

आणि मग ती लाल अक्षरं: तूट सात. अनअटेंडेड बॉटच्या जागा दोन, कामं नऊ. म्हणून सात कामं ‘पेंडिंग’. आता ही नऊही कामं सकाळी नऊच्या ठोक्यालाच का सुटतात? तर साहेब सव्वानऊला येतात आणि आल्या आल्या त्यांना आकडे हवे असतात. कामं रात्रभर एकामागून एक लावली असती तर दोन जागांत सहज उरकली असती. पण सॉफ्टवेअर जागा मोजतं, साहेबांची सवय मोजत नाही. समितीने तूट पाहून टाळ्या वाजवल्या. एवढा मोठा दोष सापडला म्हणजे वस्तू चांगलीच असणार.

१९५१च्या उद्योग कायद्याखाली कारखानदाराने परवान्यापेक्षा जास्त माल काढला तर सरकार त्याला जाब विचारत असे. राजाजी या परवाना-परमिट राजवर आयुष्याच्या उत्तरार्धात तुटून पडले. २४ जुलै १९९१ रोजी बहुतेक उद्योगांची त्यातून सुटका झाली, आणि आता आपण तेच राज्य वार्षिक वर्गणी भरून घरात आणलंय. त्या काळी कारकुनाला चहा पाजला की फाइल निदान टेबलावरून हलत तरी असे. परवाना देणारा सर्व्हर चहा पीत नाही.

असो. सॉफ्टवेअर बहुमताने मंजूर झालं. त्याचाही परवाना आहे, तो किती बॉटवर नजर ठेवायची त्या हिशेबाने. भाच्याकडे नवी जबाबदारी आली: या सॉफ्टवेअरचा अहवाल रोज सकाळी उचलून साहेबांना ईमेल करणारा बॉट तयार करणे. त्याने तो केला, सोमवारी सकाळी नऊला लावला. अहवाल गेला नाही. सॉफ्टवेअर उघडून पाहिलं तर तूट आठ.