भाड्यानं दिलेलं घर विकावं की ठेवावं : नवशिक्यांसाठी परभणी पद्धत

धडा पहिला : निर्णय घेऊ नये. वसमत रोडला किंवा जिंतूर रोडला आपलं एक घर भाड्यानं दिलेलं आहे, एवढ्यावर परभणीत माणसाचं आयुष्य मानानं निघतं. कुणी विचारलंच तर ‘बघू, रेट वाढू द्या’ म्हणावं. हे पाठ झालं की पुढं सरकावं.

दुसऱ्या धड्याला वही लागते. समजा घर आज ३० लाखांना जातंय आणि भाडं येतंय महिना ७ हजार. वर्षाचे झाले ८४ हजार, म्हणजे २.८ टक्के. त्यातून घरपट्टी, बोअरच्या मोटरची दुरुस्ती आणि दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने वजा करावेत. बँकेतली ठेव याहून जास्त देते हे दिसू लागताच वही मिटावी. ‘अहो, पण किंमत वाढतीय ना!’ म्हणणारा शेजारी प्रत्येक गल्लीत फुकट मिळतो. वाढते ती जागेची किंमत, बांधकाम नुसतं म्हातारं होतं, हे त्याला सांगू नये. चहा थंड होतो.

आणि आपल्याकडं ते जरा लवकरच म्हातारं होतं. ज्या काळ्या मातीत कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ ज्वारी डोलते, तीच माती घराच्या पायाखाली आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खोल पाया न घेतलेल्या घरात दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर चढते. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं राहतं, ऑगस्टात ती शहाण्यासारखी मिटते. नवशिक्यानं ती भर मेमध्ये पुट्टीनं बुजवावी. पावसाळ्यात पोपडे निघतात, पुढच्या उन्हाळ्यात भेग शेजारून वाट काढते आणि पेंटरची पोरं शिकतात. घर विकायचं असेल तर गिऱ्हाइकाला श्रावणात बोलवावं. घ्यायचं असेल तर आपण मेमध्ये जावं.

भाडेकरू निवडताना त्यानं विचारण्याआधीच बोअरला किती पाणी आहे ते सांगून टाकावं. तो खोल्या नंतर बघतो. ‘काका, नळ कितव्या दिवशी येतो?’ या प्रश्नावर हसून विषय विद्यापीठाकडं वळवावा. करार मात्र अजिबात करू नये, ‘घरच्यासारखेच आहेत’ म्हणावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मात्र घरच्यासारखं काही मानत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट तुम्ही सिद्ध करायचं. विकायला निघाल तेव्हा गिऱ्हाईक नेमकं याच गोष्टीवर भाव पाडतं.

प्लॉट ‘बाँडवर’ घेतलेला असेल आणि गुंठेवारी नियमित झालेली नसेल, तर हे पुढचं वाचायची घाई नाही. आधी ते कागद.

कागद चोख असतील तर कर बघावा. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के, २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, कमी पडेल तो घ्यावा. नफा मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर करात सवलत मिळते. म्हणून परभणीचं घर विकून पुण्यात फ्लॅट घेतात. तो नुसत्या मुलाच्या नावावर घेतला की सवलत वादात सापडते, हे व्यवहार झाल्यावर सीएकडून कळतं.

आता थट्टा पुरे. आज हातात रोख ३० लाख असते, तर हेच घर, हीच भेग, हेच भाडं तुम्ही विकत घेतलं असतं का? नसतं, तर विका. ठेवणार असाल, तर या महिन्यात करार तेवढा नोंदवून घ्या.