टॉर्च नीट धर!

व्हिडिओ दीड-पावणेदोन मिनिटांचा आहे. त्यात भाऊंनी कूलरचा पंप स्वतःच्या हातानं दुरुस्त केला आहे. खाली अंगठे, टाळ्या, फुलं आणि ‘लय भारी भाऊ’, ‘एक नंबर’, ‘आता दुकानच टाका’ अशी दाद आहे. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना घाटंजीत बंद कूलर घरच्या घरी चालू करणं हा पराक्रमच आहे. त्याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न एवढाच, की चित्राच्या डाव्या कडेनं एक हात आत आलेला दिसतो. हिरव्या बांगड्या, मनगटापर्यंत कणीक, मुठीत टॉर्च लावलेला मोबाइल. हा हात कोणाचा?

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कोणीच विचारलं नाही. पंप किती वॅटचा, पाइप कुठून आणला, यंदा कूलरच्या गवताच्या ताट्या कितीला पडल्या, सगळी चौकशी झाली. हाताबद्दल एक अक्षर नाही.

म्हणून मी मागचे फोटो काढून बसलो. ग्रुप जुन्या वर्गमित्रांचा. निम्मे मेंबर घाटंजीत, बाकीचे नागपूर, पुणे, दुबई असे विखुरलेले. कोणी काय दुरुस्त केलं, गच्चीवर काय लावलं, रविवारी काय रांधलं, हे तिथं रोज येतं. आणि प्रत्येक फोटोत तो हात आहे. पंख्याचा कंडेन्सर बदलला: खाली स्टूल धरलेले दोन हात. बेसिनखालचा पाइप बसवला: खाली बादली धरलेला हात. मिक्सर उघडला: बाजूला झाकण, स्क्रू आणि वायसर सांभाळणारा तळहात. ‘माझी गच्चीवरची बाग’ या मथळ्याखाली टोमॅटो आहेत, आणि टोमॅटोमागे झारी धरलेला हात आहे. शेतावर भाऊंनी रोडगे आणि वांग्याची भाजी केली, फोटोत भाऊ गोवऱ्यांच्या आरासमोर उभे आहेत, आणि परातीत कणीक तिंबणारे हात कोपरापासून कापले गेले आहेत. चुकून नाही. फोटो कापूनच टाकला आहे, म्हणजे भाऊ मधोमध येतात.

टॉर्च धरणं हे किती अवघड काम आहे, याची कल्पना टॉर्च न धरणाऱ्याला येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला फक्त स्क्रू पाहायचा असतो. टॉर्च धरणाऱ्या व्यक्तीला, तो पुढच्या क्षणी कुठला स्क्रू पाहणार आहे, हे आधीच ओळखायचं असतं. उजेड पंपावर पाहिजे, पण भाऊंच्या डोळ्यांवर नको. हात जवळ पाहिजे, पण सावली नको. बोलायचं नाही, पण विचारलं तर पक्कड कुठं आहे ते लगेच सांगायचं. पंपाच्या पंख्यात ताटीचं गवत अडकलं आहे हे तिला केव्हाच दिसलेलं असतं, कारण ताट्या काल तिनंच झटकल्या. पण ते सांगायचं नाही. भाऊंना ते आपणहून सापडलं पाहिजे, नाहीतर व्हिडिओ कशाचा करायचा? मध्येच स्क्रू घरंगळून पाण्यात पडतो. आवाज येतो, ‘टार्च हलवला तू.’ स्क्रू भाऊंच्या बोटांतून सुटला, हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं, पण निकाल लागलेला असतो. मग आत कुकरची तिसरी शिट्टी होते. हात डगमगतो, उजेड भिंतीवर जातो. ‘कुठी चालली? थांब नं, दिसून नाही रायलं!’ हात परत येतो. चौथी शिट्टी. पाचवी. तूरडाळीचा तिकडं लगदा झाला असेल, पण पंप चालू झाला. पाइपातून धार आली, ताटी भिजली, भाऊंनी फोन स्वतःच्या चेहऱ्याकडं वळवला आणि म्हटलं, ‘पाहा मित्रांनो, मेकॅनिकचे पैसे वाचवले.’ तोवर हात चित्रातून गेला. शेवटच्या दृश्यात तो नाही. तो डाळीपाशी आहे. रात्री जेवताना ‘डाळ काऊन अशी झाली?’ असंही त्यालाच विचारलं जाणार आहे, पण त्याचा व्हिडिओ कोणी करणार नाही.

मित्रमंडळींचं तर विचारूच नका. पुण्याहून एकजण लिहितो, ‘आमच्याकडं एसी आहे, पण ही मजा नाही.’ दुबईचा मित्र कूलरवर एक हिंदी व्हिडिओ पाठवतो, तोही पंप चालू झाल्यावर. एक गृहस्थ दर आजारावर ‘कंडेन्सर पाय’ एवढंच सांगतात. पंखा हळू फिरत असेल तर ते बरोबर असतं, अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दमला की पंखा रेंगाळतो. पण त्यांनी हा सल्ला गळक्या नळालाही दिला आहे. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपनं मेसेजवरच अंगठा उमटवायची सोय केली आणि त्याच वर्षी ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतील एवढी जागाही केली. म्हणजे आता हजारावर माणसं एकाच वेळी एक हात न पाहता दुसऱ्या हाताला शाबासकी देऊ शकतात.

कोणी म्हणेल, हौस आहे, करू द्या. करू द्या की! पुरुषानं पाना हातात घेतला म्हणून माझ्या पोटात दुखत नाही. पण हौशीचं काम आणि रोजचं काम यांत एक फरक आहे. हौशीचं काम संपतं. त्याचा फोटो काढता येतो, आधीचा आणि नंतरचा. झाडलेल्या घराचा ‘नंतरचा’ फोटो काढेपर्यंत त्यावर पुन्हा धूळ बसलेली असते. केंद्र सरकारचं वेळ-वापर सर्वेक्षण आहे. त्यात घरकाम करणाऱ्या बायका रोज किती मिनिटं या कामात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष किती, ते मोजलं आहे. २०१९ मध्ये बायका २९९ मिनिटं, पुरुष ९७. २०२४ मध्ये बायका २८९, पुरुष ८८. बायकांची दहा मिनिटं वाचली, म्हणून आनंद मानावा तर पुरुषांचीही नऊ गेली. ती नऊ मिनिटं कुठं गेली, हे सर्वेक्षणात नाही. माझा अंदाज आहे, व्हिडिओ अपलोड होत असावा.

आता कूलरचंच घ्या. तो दुरुस्त वर्षातून एकदा होतो, भरावा रोज लागतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, एवढीच त्याची करामत. हवा जितकी कोरडी तितका तो गार, आणि तितकाच तहानलेला. म्हणून तो विदर्भात चालतो आणि कोकणात नुसता चिकचिक करतो. ८० लिटरची टाकी म्हणजे १६ लिटरच्या ५ बादल्या. एकदा सकाळी, एकदा रात्री धरा. दिवसाला १६० लिटर. होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतो, मृगाचा पाऊस पडला की परत चढतो. मधले ७५ दिवस धरले तरी १२ हजार लिटर होतात. म्हणजे १२ टन पाणी, नळापासून खिडकीपर्यंत, बादलीनं, उचलून. नळ आला नाही तर हापशीपासून. रात्री दोनला टाकी आटली की पंप कोरडा घरघरतो आणि खोलीत गरम वारा सुटतो. तेव्हा कोण उठतं? पंपाचे वॅट ज्यांना तोंडपाठ आहेत ते नाही उठत. ते झोपेत फक्त म्हणतात, ‘पाणी संपलं वाटते.’ या १२ टनांचा एक फोटो मला ग्रुपवर दाखवा. एक.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच व्हिडिओत आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्यावर मला हसता येत नाही. बोर्डाला दोनच छिद्रं होती, म्हणून भाऊंनी थ्री-पिनची जाड पिन पक्कडीनं मोडून टाकली आहे. वर सांगतात, ‘अर्थिंग काही लागत नाही, दोन वायर बस झाले.’ यालाही अंगठे आहेत. अहो शहाण्यांनो, कूलर पत्र्याचा आहे, पंप पाण्यात बुडालेला आहे, आणि वायरचं कातडं दोन उन्हाळ्यांत तडकतं. करंट पत्र्यात उतरला की त्याला जमिनीत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे तुम्ही मोडलेली पिन. ती नसेल तर करंट दुसरी वाट धरतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून, ओल्या हातानं, कूलर चालू असताना त्यात पाणी ओतणारं जे माणूस आहे ना, ते ती वाट असतं. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत ही बातमी येते. दर उन्हाळ्यात वीज कंपनी घसा कोरडा करून सांगते, की पाणी भरण्याआधी स्विच बंद करा, प्लग काढा, थ्री-पिनच वापरा. मेकॅनिकचे पैसे वाचवलेत ना तुम्ही? मग त्याच पैशांत बोर्ड बदलून अर्थिंगची वायर ओढून घेता आली असती. पण अर्थिंगची वायर भिंतीत जाते. तिचा व्हिडिओ चांगला येत नाही.

तेव्हा ग्रुपवरच्या सगळ्या कारागिरांना हात जोडून सांगणं आहे. व्हिडिओ टाका, जरूर टाका. पण आधी थ्री-पिनचा बोर्ड बसवा आणि मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचं गळती तोडणारं यंत्र लावून घ्या. इलेक्ट्रिशियनला त्याची माहिती असते, त्याला बोलवायला लाजू नका. कूलर बंद केल्याशिवाय त्याला कोणी हात लावणार नाही, हा घरचा नियम करा आणि तो आधी स्वतः पाळा. टॉर्चसाठी बाजारात डोक्याला बांधायची बॅटरी मिळते, ती घ्या, म्हणजे डाळीचा लगदा होणार नाही. आणि भाऊ, पंप चालू झालाच आहे तर आता फोन ठेवा, स्विच बंद करा आणि बादली उचला. टाकी अर्धीच भरली आहे.