गाडी न्हाली, आता माझं बघा

(रंगमंचावर एक स्टूल, एक रिकामी बादली. ट्रेलर ड्रायव्हर येतो. खांद्यावर फडकं, हातात टायर ठोकायचा लोखंडी दांडका. पहिल्या रांगेकडे बघून दचकतो.)

ओ काका! चप्पल! चप्पल खाली काढा! (थांबतो) अरे, हे थेटर होय. बसा, बसा. सवय लागलीय हो. आमच्या केबिनमध्ये चप्पल घालून चढायचं नाही. डॅशबोर्डवर खंडोबा, सीटमागच्या फळीवर माझं अंथरूण आणि फळीखाली पिठाचा डबा. देवघर, बेडरूम, किचन, सगळं एका खिडकीत. पनवेलला याची सोसायटी झाली असती.

मी नाशिकहून न्हावा शेवा बंदरात कंटेनरचे डबे पोचवतो. पुढं इंजिनवाला घोडा, मागं ४० फुटी डबा, खाली १८ चाकं. तुम्ही रविवारी चार चाकं धुता आणि दुपारी कंबर धरून झोपता. माझ्याकडं १८ आणि स्टेपनी वेगळी. (दांडक्यानं हवेत टायर ठोकत चालतो) टण्ण! टण्ण! थप्प... ह्याची हवा गेली. आणि ही जोडचाकं. दोन टायरांच्या फटीत दगड अडकतो. तो काढला नाही, तर साठच्या स्पीडला सुटतो आणि मागच्या कारची काच फोडतो. मग कारवाले पुढं येऊन गाडी आडवी घालतात. "दिसत नाही का तुला?" साहेब, दगड मागं गेला. मी पुढं बघत होतो. ड्रायव्हरनं अजून कुठं बघायचं असतं?

पुढची काच पुसायला पाणी आणि जुना पेपर. साबण लावला की रात्री समोरच्या लाईटात काचभर चट्टे दिसतात. परवा कांद्याचे भाव छापलेलं पान हातात आलं. पाणी मारायची गरजच पडली नाही. पान आधीच रडून ओलं.

बरं, आमचे शेठ. शेठना गाडी लांबून चकचकीत दिसली पाहिजे. एकदा टाकीखाली पांढरे ओघळ बघून म्हणाले, "कबुतरं पाळलीस का?" म्हटलं, शेठ, युरिया आहे. बीएस-सिक्स गाडी आहे ना. धूर स्वच्छ व्हावा म्हणून सायलेन्सरच्या रस्त्यात युरियाचं पाणी फवारलं जातं. भरताना सांडलं की वाळून पांढरा खडा होतो. पाण्यानं जातो. शेठ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे धुराला स्वच्छ करायला जे घातलं, त्यानं गाडी घाण झाली?" म्हटलं, हो. "मग तिला स्वच्छ कोण करणार?" (स्वतःकडं बोट दाखवतो)

आणि उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या! यात मात्र चेष्टा नाही. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. चिखल बसला की पन्नासएक फुटांची गाडी अंधारात गायब होते. मी बाकी सगळं विसरेन, पट्ट्या पुसल्याशिवाय घाट चढत नाही. उसाच्या ट्रॉलीमागं रात्री ज्यानं कधी करकचून ब्रेक मारलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

(स्टुलावर बसतो) पण जास्त स्वच्छतेचाही घोळ असतो. आमच्याकडं एक नवीन पोरगं आलं. फार कष्टाळू. घोड्याच्या पाठीवर ती गोल प्लेट असते ना, जिच्यावर ट्रेलर टेकतो आणि वळतो, तिच्यावरचं सगळं ग्रीस त्यानं रॉकेलनं धुऊन काढलं. आरसा केला आरसा! जुनं ग्रीस वाळू धरतं, ते काढायचं, बरोबर. पण नवीन लावायचं कुणी? पहिल्या वळणाला गाडी अशी किंचाळली की ढाब्यावरची कुत्री उठून उभी राहिली.

आणि ते सर्व्हिसिंग! इंजिन बघायचं तर केबिन पुढं कलवावी लागते. त्याआधी ड्रायव्हरला विचारायची पद्धत आहे. एकदा मी चहाला गेलो आणि मेकॅनिकनं विचारलंच नाही. (हातानं केबिन कलवतो) डाळीचा डबा आधी निघाला. मागून तांब्या. मागून माझी धुतलेली चड्डी. सगळं पुढच्या काचेवर. मी आलो तर काचेला खंडोबा, त्यांच्या अंगावर भंडारा म्हणून हळदीचा अख्खा पुडा, आणि शेजारी... ती चड्डी. चार मेकॅनिक खाली हात जोडून उभे. म्हटलं, दर्शन झालं असेल तर उतरवा.

(उठतो. आवाज खाली आणतो.) पण गाडीची आंघोळ बघा एकदा. रॅम्पवर चढवतात. खालून, वरून पाण्याचा मारा. चाकांना फेस. मग स्प्रिंगच्या पाट्यांना गंज लागू नये म्हणून डिझेलचा फवारा. दिवाळीचं अभ्यंगच! आणि ड्रायव्हर? बाजूला, अंगावर शिंतोडे घेत उभा. तीच त्याची पारोशी आंघोळ.

द्राक्षांचा सीझन आला की मग बघूच नका. फ्रीजसारखा गार डबा असतो, तो भरायच्या आधी तपासायला साहेब येतात. आत शिरून वास घेतात. मग दार लावून अंधारात बघतात, कुठून उजेड येतोय का. सुईएवढं भोक दिसलं तरी डबा परत. मग द्राक्षं आत जातात, शून्य अंशाच्या आसपास. गारेगार. आणि पुढं केबिनमध्ये? २०२५ पासून नवीन बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. माझी गाडी २०२१ ची. त्यामुळं एप्रिलात मागं द्राक्षं काकडतात आणि पुढं माझा मनुका होतो.

तेच साहेब डब्यातून बाहेर आले, माझ्याजवळ आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "तुम्ही जरा लांब थांबा." बरोबर आहे साहेब! डब्याला धुतात, चाकाला धुतात. मी टॉवेल घेऊन कंपनीच्या गेटवर उभा राहिलो की वॉचमन म्हणतो, "बाथरूम स्टाफसाठी आहे." गाडी आत घ्या, माल आत घ्या, कागद आत घ्या. ड्रायव्हर तेवढा बाहेर. मग ढाब्याची टाकी शोधायची. ढाबेवाला म्हणतो, आधी जेवा. दुपारी चार वाजता मी दोनदा जेवलेला माणूस आहे, एका आंघोळीसाठी!

(बादली उचलून प्रेक्षकांपुढं धरतो) तुमच्यात कुणाचं गोडाऊन असेल, कारखाना असेल, निदान गेटची किल्ली असेल. एक नळ बसवा. एक संडास बांधा. दाराला आतून कडी लावा. साबण माझा मी आणतो.