पंधरा वर्षांचा दाखला

सरकारी सवलती घेणाऱ्या कारखान्यांनी 80 टक्के कामगार स्थानिक घ्यावेत, असं आपल्या राज्याचं धोरण आहे. स्थानिक म्हणजे राज्यात 15 वर्षं राहिलेला. वाचायला चोख वाटतं. फक्त हे आमच्या आजोबांच्या वेळी असतं, तर त्यांना गिरणीच्या दारात 15 वर्षं विड्या ओढत बसावं लागलं असतं.

आजोबा करीमनगरकडचे, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातले. सोलापूरला आले त्याच आठवड्यात मागावर उभे राहिले. मराठी मागाहून आली, तीही अर्धीच. सोलापूरची जुनी मिल 1877 ची. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या झाल्या आणि हात कमी पडू लागले. भोंगा मराठी, कन्नड, तेलुगू सगळ्यांवर सारखाच ओरडायचा. तेलुगू पद्मशाली विणकर शहराच्या पूर्व भागात असे काही रुजले, की नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा हा उत्सव बाहेरून आलाय, असं कुणाच्या मनातही येत नाही.

गंमत बघा, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे ती इथलीच, हे सरकारनं लिहून दिलंय. विणणाऱ्याचं मूळगाव त्या कागदावर कुणी विचारलं नाही, हे बरंच झालं.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तेव्हा आमच्या घरी चूल पेटती ठेवली ती आईच्या मांडीवरच्या सुपानं. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. मुकादमानं काढून टाकलेल्या विड्या आमच्या घरात आप्तेष्टांच्या मरणासारख्या चर्चिल्या जात.

अशा घरात वाढलेल्या माणसाला बांधल्या पगाराचं अप्रूप असतं. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. पगार मोठा नाही, पण महिन्याच्या महिन्याला येतो. तो आला की मी मनातल्या मनात मालकाला, मार्कंडेयाला आणि लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर करणाऱ्या समस्त महाराष्ट्राला हात जोडतो. आहेरात नुसती पाकिटं देणाऱ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे.

आमचे एक शेजारी आहेत. मतदान जवळ आलं की त्यांना भूमिपुत्र आठवतात. गल्लीत फरशी बसवायला उत्तरेकडची पोरं आली, तर म्हणाले, "बाहेरचे लई झाले बे!" आणि लगेच आत तोंड करून वहिनींना तेलुगूत चहा टाकायला सांगितला. मी काही बोललो नाही. चहा मलाही हवा होता. 2024 च्या लोकसभेलाही इथं उपरा कोण यावर बराच धुरळा उडाला. या शहरात तो प्रश्न विचारणाऱ्यानं आधी आपल्या आजोबांचं गाव आठवावं.

शेजाऱ्यांचा मुलगा मात्र पुण्यात नोकरीला आहे. तिथं घरमालक भाड्याच्या आधी गाव विचारतात म्हणे. यावर शेजारी फार चिडतात: "माणूस काम करतो ना, मग झालं!" अगदी हेच माझं स्थलांतर धोरण आहे, पण ते त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.

तेव्हा मत मागायला येणाऱ्यांना एकच विनंती. सोलापुरात बाहेरून किती आले ते खुशाल मोजा. पण एकदा सकाळी पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसच्या वेळी स्टेशनवर उभं राहून, इथून किती जातात तेही मोजा. त्या पोरांना इथं बांधला पगार कोण देणार, हे जो सांगेल, त्याला माझं मत.