दहावी दिलेला मुलगा

दहावीचा शेवटचा पेपर आणि अकरावीची पहिली यादी यांच्या मधल्या काळात मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली येथे, दहावी दिलेला मुलगा मोठ्या संख्येने आढळतो. वय पंधरा-सोळा, ओठावर मिसरूड, पायात स्लिपर, उठण्याची वेळ साडेअकरा. पेपर मार्चमध्ये संपतात. निकाल पूर्वी जूनमध्ये लागत असे. 2025 साली तो 13 मेलाच लागला आणि कोकणात गेलेल्या मुलांवर आमरसाचे ताट बाजूला सारून रेंज शोधत फिरण्याची पाळी आली.

या मुलाला सर्वांत जास्त भीती सोसायटीच्या जिन्याची. तिथे भेटणारी प्रत्येक काकू ‘‘काय रे, सुट्टीत काय करतोयस?’’ असे विचारते. ‘काही नाही’ हे उत्तर खरे असले तरी चालत नाही, कारण दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा पोहणे, जर्मन आणि कोडिंग असे तिन्ही करत असतो. जिन्यात दिलेले उत्तर संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर जाते आणि रात्री जेवताना वेळापत्रक तयार होते. ते आईच करते. वडिलांचा वाटा फीपुरता आणि ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांपुरता.

त्यांच्या वेळी म्हणजे टायपिंग. मिनिटाला 30 शब्दांची सरकारी परीक्षा देऊन ठेवली की कुठेतरी चिकटता येते असा समज होता, आणि तो बराचसा खराही होता. 2001 साली एमकेसीएल ही संगणक-शिक्षण देणारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे सुट्टीतली टायपिंगची जागा तिच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या कोर्सने घेतली. लहानपणापासून कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांनीही तो कोर्स केला. सरकारी नोकरीत लागतो, एवढे कारण पुरेसे होते. हल्ली मान आहे तो व्हेकेशन बॅचला.

व्हेकेशन बॅच म्हणजे अकरावीच्या आधीची अकरावी. निकाल लागलेला नसतो, शाखा ठरलेली नसते, तरी एप्रिलच्या भर दुपारी मुलगा स्टेशनजवळच्या एखाद्या इमारतीत सदिश शिकत बसलेला असतो. खोलीत एसी एकच, त्यामुळे त्याच्यासमोरचा बाक मिळवण्यासाठी तो आयुष्यात प्रथमच कुठेतरी वेळेआधी पोहोचतो. सर फळ्यावर बाण काढतात. मागच्या बाकावरचा वहीतल्या बाणाला पिसे काढतो. डेमो लेक्चर फुकट असल्याने आई तीन-तीन क्लासचे डेमो करायला लावते. परिणामी काही मुलांचा पहिला धडा तीनदा होतो आणि दुसरा जुलैपर्यंत होतच नाही.

उरलेल्या वेळात मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहाजवळचा पोहण्याचा तलाव, अंधेरीचे शहाजीराजे क्रीडा संकुल किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरी लेण्यांपर्यंतची पायपीट. पायपीट एकदाच होते, तिचे फोटो मात्र महिनाभर येत राहतात. दहावी दिलेल्या मुलीला हे सगळे असतेच, वर पोळ्या. मुलाला पोळ्या शिकवाव्यात असे बहुतेक घरांत ठरते आणि ठरण्यावरच राहते.

प्रत्येक कोर्सचे प्रमाणपत्र मिळते आणि ते प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जाते. या फाइलचा अकरावीच्या प्रवेशाला काहीएक उपयोग नाही. मुंबईत 2009 पासून प्रवेश ऑनलाइन झाले. अर्जाच्या पहिल्या भागात माहिती आणि गुण, दुसऱ्यात जास्तीत जास्त 10 कॉलेजांचे पसंतिक्रम. सुट्टी कशी घालवली, हे कुठेही विचारलेले नसते. चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात, इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला 7, पण ती परीक्षा दहावीचा निकाल लागण्याआधीच उरकावी लागते. मे महिन्यात काढलेले निसर्गचित्र कितीही झकास असले तरी भिंतीवरच जाते.

सुट्टीचा हिशेब खरोखर मागितला जातो तो परदेशी. म्हणून अंधेरी पश्चिमेच्या टॉवरांत एक पोटजात आढळते. हा मुलगा आंतरराष्ट्रीय बोर्डाचा असतो आणि त्याची सुट्टी आईऐवजी पैसे घेणारा सल्लागार आखतो. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या कॉमन अ‍ॅप या अर्जात 10 उपक्रमांची जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरे. इथल्या मुलाला 10 कॉलेजे आठवावी लागतात, त्या मुलाला 10 सत्कृत्ये. अफरोज शाह या वकिलांनी 2015 साली वर्सोव्याचा किनारा साफ करायला सुरुवात केली आणि या पोटजातीची मोठी सोय झाली. रविवारी सकाळी हातमोजे, टोपी, बाटल्यांचे पोते, मग फोटो. थोडासा कचरा उचलला जातोच, तेवढे श्रेय त्याला द्यायला हवे. त्याला प्लॅस्टिकपासून यंत्रमानव बनवण्याची सूचनाही झालेली असते. पण तोवर मे संपतो.

यादी लागते तेव्हा मुलुंडच्या मुलाने पहिल्या पसंतीला रुईया लिहिलेले असते आणि मिळालेले असते वझे-केळकर. ते चांगले कॉलेज आहे आणि घरून चालत जाता येते. नेमका हाच त्याचा दोष. मुलाला लोकलने जायचे होते. आईला मात्र पास काढावा लागणार नाही याचे समाधान असते. जिन्यातल्या काकूंचा प्रश्न आता ‘बारावीनंतर काय?’ असा होतो. तोवर व्हेकेशन बॅचची रेग्युलर बॅच झालेली असते. सर तेच, एसी तोच, बाकही तोच. फीचा दुसरा हप्ता मात्र 15 तारखेच्या आत भरायचा असतो.